पारंबीला माती हवी

सुरतेत धाग्याची पारख कोणाला शिकवावी लागत नाही. आमच्या कोसाडात तर नाहीच. घरातलं एक माणूस लूमच्या खात्यात, दुसरं डाईंग मिलमध्ये, उरलेल्या बायका घरी बसून साड्यांवर टिकल्या लावणार. पोरं अक्षर गिरवायच्या आधी सुती आणि पॉलिस्टर बोटांनी ओळखतात. म्हणून वटपौर्णिमेनंतर महिनाभराने वडाजवळून जाताना मला ते चटकन दिसलं. पावसाने सुती दोरे काळे पडून गळून गेले होते. पॉलिस्टरचा दोरा मात्र आज सकाळीच गुंडाळल्यासारखा चमकत होता. खोडाला त्याचं काही नव्हतं, म्हाताऱ्या वडाची साल जाड. पण गर्दीत खोडापर्यंत हात न पोचलेल्या कोणा बाईने अंगठ्याएवढ्या एका पारंबीलाच सात वेढे दिले होते. ती नुकतीच जमिनीत रुतलेली, भराभर जाड व्हायला लागलेली. दोरा सालीत घुसला होता आणि वरच्या बाजूला साल फुगून आली होती. खात्यातली छोटी कातर खिशात असते माझ्या. तिने एकेक वेढा कापला.

त्या बाईला मी बोल लावत नाही. तिने सात जन्म मागितले ते मनापासूनच मागितले असणार. पण दोरा आपल्या शहराचा होता, आणि कुजत नाही हा त्याचा गुण आपणच जगाला विकतो.

हा लेख त्या पारंबीसाठी लिहितोय. वड म्हटलं की आपण खोड बघतो, त्याला हात जोडतो, त्याला पार बांधतो. वड मात्र जगतो पारंबीवर. त्याचं बी पाखराच्या पोटातून दुसऱ्याच झाडाच्या खाचेत नाहीतर भिंतीच्या फटीत पडतं आणि तिथेच रुजतं. जमीन शोधणं त्याच्या जन्मापासून पाठीला लागलेलं. मोठा झाला की आडव्या फांद्यांतून पारंब्या सोडतो. त्या आधी तांबूस, सुतळीसारख्या, टोकाला पिवळट कोवळा कोंब. टोक जमिनीला लागेपर्यंत नुसतं लोंबकळणं. एकदा का मातीत शिरलं, की तिचं रूपच पालटतं. ती ताठ होते, दोरीची काठी होते, काठीचा खांब. हा खांब वरच्या फांदीला तोलून धरतो, खालून पाणी चढवतो, आणि मग ती फांदी आणखी पुढे सरकून नव्या पारंब्या सोडते. खानदेशातून एक भाऊ आधी सुरतेत येतो, खोली घेतो, मग धाकट्याला बोलावतो, मग मेव्हण्याला. दहा वर्षांनी अख्खी गल्ली एका गावची होते. वड असाच पसरतो. मूळ खोड किडलं, पोकळ झालं, विजेने फाटलं तरी पसरलेला गोतावळा उभा राहतो. अट एकच: पारंबीच्या टोकाला खाली माती मिळाली पाहिजे.

पृथ्वीवरचं सगळ्यात मोठं सजीव कोणतं, असं पोरांना विचारलं तर ती देवमासा म्हणतात. चूक नाही, प्राण्यांत तोच. पण सगळ्या सजीवांत मोजायला लागलो तर देवमासा मागे पडतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ‘जनरल शर्मन’ नावाचा सिकोया आहे. ८४ मीटरच्या आसपास उंच, आणि एका खोडाच्या झाडांत लाकडाच्या घनफळाने जगात पहिला. २०२१ मध्ये त्या जंगलात वणवा पेटला तेव्हा लोकांनी त्याच्या बुंध्याला आग परतवणारी चंदेरी चादर गुंडाळली. त्याच देशात युटामध्ये ‘पँडो’ आहे: लांबून अ‍ॅस्पेनचं वन दिसतं, पण ४३ हेक्टरांवरचे ते सुमारे ४७,००० बुंधे एकाच मुळावर उभे आहेत. जमिनीवर ते वन, जमिनीखाली एक झाड. ओरेगॉनमध्ये एक बुरशी मातीखालून साडेनऊ चौरस किलोमीटरवर पसरली आहे. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमध्ये समुद्राच्या तळाशी गवताचा एकच वेल १८० किलोमीटर पसरला असल्याचं २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून दाखवलं.

यांतल्या पँडोची कथा मला वडासाठी महत्त्वाची वाटते. त्याचे जुने बुंधे वयानुसार मरतात, त्यात काही नवल नाही. मुळातून नवे कोंबही फुटतात. पण हरणं आणि गुरं ते कोंब गुडघ्याएवढे व्हायच्या आत खाऊन टाकतात. हजारो वर्षांचा तो जीव आज म्हातारपणाने मरत नाही, त्याची पोरं वाढू दिली जात नाहीत म्हणून तो झिजतोय. काही भागाला कुंपण घातलं आणि तिथे कोंब पुन्हा वर आले. एवढ्या अवाढव्य जीवाचा जीव गुडघाभर कोंबात अडकलेला असतो.

आता आपल्याकडे या. कोसाड स्टेशनवर उत्तरेकडे जाणारी मेमू धरा. गोठणगाम, सायण, किम, कोसंबा, अंकलेश्वर, मग नर्मदेवरचा पूल, आणि पलीकडे भरूच. सगळं मिळून पन्नासेक किलोमीटर. पुलावरून बाजूला १८८१ चा गोल्डन ब्रिज दिसतो. भरूचहून नदीच्या उत्तर काठाने वर शुक्लतीर्थाकडे गेलं, की पात्रात एक बेट आहे आणि बेटावर कबीरवड. नावेतून जावं लागतं.

गोष्ट अशी सांगतात. शुक्लतीर्थाच्या बाजूला तत्त्वा आणि जीवा नावाचे दोघे भाऊ होते. खरा गुरू कोण हे कसं ओळखायचं, म्हणून त्यांनी वडाची एक वाळकी काठी जमिनीत रोवली आणि ज्याच्या चरणांच्या पाण्याने ती फुटेल तो गुरू, असं ठरवलं. कित्येक साधू आले नि गेले. कबीर आले, त्यांच्या पायांचं पाणी घातलं, आणि काठीला पालवी फुटली. दुसरी गोष्ट छोटी आहे: कबीरांनी दात घासून टाकलेल्या दातणाचा हा वड झाला. कोणतीही घ्या, दोन्हींत एक वाळकं काटूक आणि ओली माती आहेच. लोककथा कधी कधी वनस्पतिशास्त्रालाही बरोबर पकडते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीचा जेम्स फोर्ब्स भरूचला नोकरीला होता. त्याचं ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ १८१३ मध्ये छापलं गेलं. त्यात त्याने हा वड मोजून लिहून ठेवलाय: मुख्य बुंध्यांभोवतीचा घेर २,००० फुटांच्या जवळपास, मोठे बुंधे ३५०, लहान ३,००० वर, आणि सावलीत ७,००० माणसं मावतील इतकी जागा. नदीच्या पुरांनी त्याचा बराच भाग आधीच वाहून नेलाय, हेही त्यानेच लिहिलं. म्हणजे त्याने पाहिला तो उरलेला वड होता. आपण पाहतो तो त्या उरलेल्यातला उरलेला. मूळ खोड कोणतं, हे आता कोणाला दाखवता येत नाही, आणि दाखवायची गरजही नाही. सुरतचा कवी नर्मद (१८३३–१८८६) या वडावर कविता लिहून गेला. ती गुजरातेत पिढ्यान् पिढ्या लोकांच्या तोंडी आहे. आपण सुरतेत तीस-तीस वर्षं राहून, नर्मदच्या नावाच्या विद्यापीठात पोरं शिकवून, त्याच्या वडाला गेलो नाही.

हे आपल्या मराठी लोकांना उद्देशून मुद्दाम बोलतोय. आपला आणि या झाडाचा संबंध दूरचा नाही. ज्या तापीच्या वरच्या काठांवरून, जळगाव-धुळे-नंदुरबारहून, आपण आलो तिच्याच खालच्या काठाशी कोसाड वसलंय. नर्मदाही आपली आहे. नंदुरबारच्या अक्कलकुवा-अक्राणीच्या डोंगरांना घासून ती गुजरातेत उतरते. दरवर्षी किती मराठी माणसं तिची परिक्रमा करतात! समुद्राशी नावेने पार होऊन उत्तर काठावर आली, की भरूच, शुक्लतीर्थ असा त्यांचा रस्ता. काठावरून त्यांना बेट दिसतं, पण जाता येत नाही, कारण परिक्रमेत नर्मदेची धार ओलांडायची नसते. लांबूनच ‘नर्मदे हर’ म्हणून ती पुढे चालू लागतात. आपल्याला कसली अडचण आहे? आपण परिक्रमेत नाही. नावेचे पैसे दिले की पोचलो.

आणि वडोदरा! जिथे गायकवाडांनी मराठी दरबार चालवला त्या शहराचं नावच वटपद्रावरून आलंय. इंग्रजीतला ‘बॅनियन’ हा शब्दही गुजरातचाच. परदेशच्या बंदरांत गुजराती वाणी ज्या झाडाखाली बसून व्यवहार करायचे, त्याला युरोपियनांनी ‘वाण्यांचं झाड’ म्हणायला सुरुवात केली. तात्पर्य एवढंच, की हे झाड कायम माणसांच्या बैठकीचं राहिलं. नाव पडलं तेही त्याच्या सावलीत बसणाऱ्यांचं.

आता कबीरवडाला नेमकं काय होतंय ते सांगतो. कोणी कुऱ्हाड घेऊन बसलेलं नाही. असं असतं तर सोपं झालं असतं. त्याला खातंय ते आपलं प्रेम, आणि त्याच्या भोवतीचं पाणी.

आधी प्रेमाचं बोलू. सुट्टीच्या दिवशी, कार्तिकी पौर्णिमेच्या शुक्लतीर्थाच्या जत्रेत, माणसं लोटतात. पोरं पारंब्यांना लटकतात, आईबाप फोटो काढतात. लटकून कोवळं टोक मोडलं की ती पारंबी पुन्हा फुटते खरी, पण तिचा सगळा हंगाम वाया जातो. दर रविवारी मोडलं तर ती कधीच जमिनीला टेकत नाही. सालीवर नावं कोरली जातात. हजारो पावलांनी माती दाबून दाबून ओट्यासारखी टणक होते, तिच्यातली हवा निघून जाते, आणि वरून आलेलं टोक मातीवरच थबकतं. चहाचे कागदी पेले, वेफरची पाकिटं, प्लास्टिकच्या पत्रावळी. ही जुनीच तक्रार आहे आणि तुम्ही ती वाचून कंटाळला आहात, म्हणून पुढे जातो.

पाणी मात्र नवं आहे. बेट म्हणजे नदीने साठवलेला गाळ; नदीची चाल बदलली की बेट बदलतं. सरदार सरोवर २०१७ मध्ये पूर्ण उंचीचं, १३८.६८ मीटरचं झालं. त्यानंतर खालची नर्मदा दोन टोकांची झाली. कोरड्या महिन्यांत धार क्षीण होते आणि भरतीचं खारं पाणी आत चढतं. आणि पावसाळ्याच्या शेवटी दरवाजे उघडले की एका रात्रीत महापूर. सप्टेंबर २०२३ मध्ये गोल्डन ब्रिजपाशी धोक्याची पातळी २४ फूट असताना पाणी ४० फुटांच्या आसपास पोचलं होतं. धरणातून सुटलेलं पाणी कसं येतं हे सुरतेच्या माणसाला समजावायला नको. ऑगस्ट २००६ मध्ये उकईचं पाणी आपण घरात घेतलंय, भिंतीवरच्या रेषा पुसायला वर्ष लागलं. तेच पाणी गाळाच्या बेटाच्या काठांना कसं कुरतडत असेल, डोळ्यांपुढे आणा. त्यातच भरूचच्या खाली भाडभूत इथे नव्वद दरवाज्यांचा बंधारा उभा राहतोय. खारं पाणी अडवायला तो हवा, असं सरकार म्हणतं. हिलसा मासा वर येणार नाही, असं मच्छीमार म्हणतात. मी त्या वादात शिरत नाही. पण बंधाऱ्यामागे गोड्या पाण्याचा साठा होणार, नदीची पातळी बदलणार. बंधाऱ्याआधीची आणि नंतरची बेटावरची भूजल पातळी कोणीतरी विहिरीत दोर सोडून महिन्यातून एकदा मोजली पाहिजे, आणि त्या नोंदी सगळ्यांना वाचता येतील अशा ठेवल्या पाहिजेत. वडाला पाणी आवडतं, साचलेल्या पाण्यात मुळं बुडवून बसणं आवडत नाही.

हे सगळं थांबवता येतं का? येतं, आणि याच देशात ते करून दाखवलेली माणसं आहेत.

हावड्याच्या आचार्य जगदीशचंद्र बोस वनस्पती उद्यानातला वड घ्या. १८६४ आणि १८६७ च्या वादळांत त्याच्या फांद्या मोडल्या, जखमांत बुरशी शिरली, आणि १९२५ मध्ये त्याचं पन्नास फुटांच्या घेराचं मूळ खोड कापून काढावं लागलं. आपल्या हिशेबाने झाड संपलं. प्रत्यक्षात ते आजही हजारो पारंब्यांवर उभं आहे. त्याच्याभोवती ३३० मीटरचा रस्ता बांधला होता, माणसांनी बाहेरून चालावं म्हणून. झाड तो रस्ता ओलांडून गेलं. २०२० च्या अम्फानने पुन्हा तडाखा दिला, तरी उभंच. लोकांना झाडाखाली न सोडता झाडाभोवती सोडलं, एवढी एक गोष्ट तिथे नीट झाली.

आंध्रातला तिम्मम्मा मर्रीमानू १९८९ मध्ये गिनीज बुकात जगातला सगळ्यात पसरलेला वड म्हणून नोंदला गेला. पसारा पाच एकरांच्या आसपास. तिथे कोवळ्या पारंब्यांना बांबूचा आधार देऊन जमिनीपर्यंत आणतात. मोठ्ठं यंत्र नाही, निधीचा डोंगर नाही. एक माणूस, एक बांबू, माती आणि शेण. तेलंगणात महबूबनगरजवळच्या पिल्ललमर्रीला वाळवी लागली, २०१७ च्या डिसेंबरमध्ये एक मोठी फांदी कोसळली. मग लोकांसाठी जागा बंद केली, आणि रुग्णाला लावावी तशी सलाईनच्या बाटल्यांतून औषधाची धार खोडात सोडली. लोक हसले. झाड वाचलं.

आपल्या महाराष्ट्रातही संगमनेर तालुक्यात पेमगिरीचा वड आहे, एकरांत मोजावा असा. आणि सांगली जिल्ह्यातल्या भोशाचा वड तर आठवत असेल. २०२० च्या जुलैमध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गात तो जाणार होता. गावकरी आणि झाडप्रेमी त्याला मिठी मारून उभे राहिले, सह्या झाल्या, आणि सरकारला रस्त्याची आखणी बदलावी लागली. टाळ्या वाजवून आपण घरी आलो. दोन वर्षांनी, २०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडावर, तोच वड कोसळला. ही बातमी वाचून मी खूप वेळ गप्प बसलो होतो. रस्त्यापासून वाचवलेलं झाड दुसऱ्या दिवसापासूनही सांभाळावं लागतं. मिठी मारणाऱ्या हातांनी नंतर फावडंही धरावं लागतं. म्हणून माझ्या आवाहनात घोषणा कमी आहेत नि कामं जास्त.

उमेद हवी असेल तर ती आपल्याच गुजरातच्या किनाऱ्यावर आहे. व्हेल शार्क हा जगातला सगळ्यात मोठा मासा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याची सर्रास शिकार व्हायची. २००१ मध्ये त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं, पण कायद्याने काय होतं? २००४ पासून वेरावळच्या बाजूला मोहीम सुरू झाली. मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितलं, हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. त्याचं नाव पडलं ‘व्हाली’, लाडकी. तेव्हापासून जाळ्यात सापडलेले शेकडो व्हेल शार्क कोळ्यांनी स्वतःच्या हाताने जाळं कापून समुद्रात सोडलेत. जाळं म्हणजे त्यांची रोजीरोटी. त्याची भरपाई मिळते, पण कापताना हात थरथरत असणारच. ते जाळं कापतात. आपल्याला फक्त दोरा कापायचाय.

तेव्हा मंडळी, काय करायचं?

पहिली गोष्ट, जाऊन बघा. येत्या हिवाळ्यात, गर्दीचे दिवस सोडून, एका गल्लीची दहा-पंधरा माणसं मिळून जा. पोरांना न्या. त्यांच्या शाळेच्या सहली त्याच नर्मदेच्या काठी १८२ मीटरचा पुतळा बघायला जातात, जाऊ देत, पण त्या वाटेवर पाचशे वर्षांहून जुना म्हणून मानलेला जिवंत राक्षसही दाखवा. तिथे गेल्यावर पारंबीला हात लावायचा असेल तर टोकाला लावू नका. पोरांना एकेका खांबाचा घेर टेपने मोजायला लावा, वहीत लिहून घ्या, फोटोत जागा दिसेल असं बघा. पुढच्या वर्षी तोच खांब पुन्हा मोजा. फोर्ब्सने मोजलं म्हणून तर आपल्याला आज कळतं की काय गेलं. दोनशे वर्षांनी कोणीतरी आपली वही उघडावी.

दुसरी गोष्ट मागणीची. २००२ च्या जैवविविधता कायद्यात एखाद्या जागेला ‘जैवविविधता वारसा स्थळ’ जाहीर करायची सोय आहे, आणि गावागावांत जैवविविधता समित्या असणं त्या कायद्यानेच बंधनकारक आहे. २०२५ च्या सुरुवातीला गुजरातने कच्छमधल्या गुनेरीच्या खारफुटीला हा मान दिला. राज्यातलं ते पहिलं स्थळ. समुद्रापासून लांब, आतल्या भूभागात वाढलेली खारफुटी म्हणून तिचं कौतुक झालं, ते रास्तच. मग नदीच्या पोटात वाढलेल्या वडाला दुसरा मान का मिळू नये? अर्ज त्या काठच्या ग्रामपंचायतींनीच करायला हवा, आपण बाहेरचे. पण त्यांना पाठिंब्याची पत्रं आपण लिहू शकतो. गुजरातीत, मराठीत, जसं येईल तसं. सुरतेतल्या मराठी मंडळांच्या गणेशोत्सवाच्या मांडवांत एक टेबल सह्यांसाठी ठेवलं तर दहा दिवसांत किती सह्या होतील, याचा अंदाज तुम्हीच करा. आणि मागणीत तीन गोष्टी स्पष्ट लिहा: झाडाखालून नव्हे, झाडाभोवतून जाणारी वाट, कोवळ्या पारंब्यांसाठी बांबू आणि मोकळी माती सांभाळणारा कायमचा माणूस, आणि बेटाच्या काठांची व भूजलाची दरमहा नोंद.

तिसरी गोष्ट कोसाडातली, आणि हीच मला सगळ्यात जवळची. आपल्या घराशेजारी कबीरवड नाही. पण पन्नास-साठ वर्षांचे वड आहेत, देवळापाशी, जुन्या गावठाणात, रस्त्याच्या कडेला. गाव शहरात आलं, रस्ते झाले, गटारं झाली, पेव्हर ब्लॉक आले, आणि ते खोडाला चिकटेपर्यंत आले. स्वच्छ दिसतं, चिखल होत नाही, मलाही बरं वाटलं होतं. आता त्याच वडाच्या पारंब्या ब्लॉकवर येऊन काळ्या पडतात. गेल्या वर्षी एका सकाळी पाहिलं तर डोक्याला लागतात म्हणून त्या सरळ रेषेत कापलेल्या, एखाद्याचे केस कापावेत तशा. कोणी कापल्या हे विचारून उपयोग नव्हता. कापणाऱ्याला ते झाड नीटनेटकं करणंच वाटलं असणार. गुजरातीत पारंबीला ‘वडवाई’ म्हणतात, पण शेजारच्या काकांना मी ‘वडवाई कापू नका’ म्हटलं तर त्यांनी मला चहा पाजून सांगितलं, ‘अरे भाई, एमां शुं?’ त्यांना त्यात काही वावगं दिसत नाही, कारण आम्ही कोणी कधी दाखवलंच नाही.

म्हणून आपल्या गल्लीतल्या प्रत्येक वडाभोवती निदान दोन हात रुंद कडं मोकळं हवं. पारंब्या जिथे उतरतात तिथले चार ब्लॉक उचलून माती उघडी करा. महापालिकेच्या उद्यान विभागाला रीतसर अर्ज द्या, चौकाचौकातून वेगवेगळा, म्हणजे एका फाइलीत दबणार नाही. पार बांधायचाच असेल तर दगड रचून बांधा, सिमेंट ओतून नव्हे. पोरांना झोका हवा असेल तर दोर जाड फांदीला, नायलॉनचा नको. महाराष्ट्रात २०२१ च्या दुरुस्तीने शहरातल्या पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिलाय. सुरतेच्या नगरसेवकांना हा कायदा दाखवा, आपल्याकडेही तसा नियम मागा. शेजारच्या राज्याचं चांगलं उचलण्यात कमीपणा नाही, सुरती लोक आपले वडापाव उचलतातच की.

आणि वटपौर्णिमा. बाजारात आदल्या संध्याकाळपासून वडाच्या फांद्यांचे जुडगे विकायला येतात. त्या फांद्या कुठून येतात, हे विकणारा सांगत नाही आणि आपण विचारत नाही. बायांनो, फांदी घरी आणून पुजण्यापेक्षा एक दिवस उशिरा का होईना झाडापर्यंत जा. दूर असेल तर शेजारणीला घेऊन रिक्षा करा, तेवढीच ओटीभरणाची भेट. जाताना दोरा सुती न्या. खोडालाच गुंडाळा, पारंबीला नको. ज्या वडाच्या खोडापर्यंत हात पोचत नाही इतकी गर्दी आहे, तिथे नुसता पाण्याचा तांब्या मुळाशी ओता आणि हात जोडा. सावित्रीला त्यात काही कमी वाटणार नाही.

मी येत्या वटपौर्णिमेला देवळासमोरच्या वडाशी सकाळी सहा वाजता असेन. सुती दोऱ्याच्या चार लड्या घेऊन, कारण आमच्या गल्लीत सुती दोरा विकत घ्यायला आता शोधावा लागतो. कातरही बरोबर असेल. ज्यांना गेल्या वर्षीचे दोरे काढायला हात लावायचाय त्यांनी आठ वाजायच्या आत यावं, म्हणजे पूजेआधी काम होईल. त्या पारंबीच्या सालीवर अजून एक कडं राहिलंय, पण खालून नवी पालवी आली आहे. आलात की दाखवतो.